पंधरा वर्षे, पंधरा फटके



१९२१ च्या डिसेंबरात काशीच्या न्यायालयात १५ वर्षांचा एक मुलगा उभा होता. भाबरा गावाहून संस्कृत शिकण्यासाठी आलेला चंद्रशेखर तिवारी असहकाराच्या चळवळीत पकडला गेला होता. मॅजिस्ट्रेट खारेघाट यांनी नाव विचारले. उत्तर आले, ‘आझाद’. वडिलांचे नाव? ‘स्वतंत्रता’. राहण्याचे ठिकाण? ‘तुरुंग’. शिक्षा झाली वेताच्या १५ फटक्यांची. प्रत्येक फटक्यागणिक तो गांधीजींचा जयजयकार करीत राहिला. नेहरूंनी आत्मचरित्रात या मुलाची आठवण नोंदवली आहे.

या कथेतील तेज सर्वांना परिचित आहे. न्यायासनाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. मूल कोण, कोणाचे, राहते कोठे, हे तिन्ही प्रश्न योग्यच होते. पण ते विचारले गेले ते कागदावरचे रकाने भरण्यासाठी. फटक्यांनी मुलगा सुधारेल ही अपेक्षा किती फोल होती, हे पुढील दहा वर्षांनी दाखवले.

फटक्यांचा कायदा १९५५ मध्ये रद्द झाला. आज असा मुलगा बाल न्याय मंडळापुढे येतो. तेथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. त्याला आरोपी न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण हेतू चांगला आहे. घर, शाळा, सोबती यांविषयी सामाजिक तपासणी अहवाल मागवला जातो. मंडळ त्याला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवू शकते.

खरी अडचण २०१५ च्या कायद्यात आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, असा गुन्हा १६ वर्षे पूर्ण केलेल्या मुलाच्या हातून घडल्याचे म्हटले गेले, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. परिणाम समजण्याची कुवत त्याच्यात होती काय, हे ठरवून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येते. फाशी मात्र देता येत नाही. पीडित कुटुंबाचा संताप रास्तच असतो. पण उलटून गेलेल्या एका दिवशी मुलाच्या मनात काय होते, हे काही महिन्यांनंतर कोणी आणि कसे मोजावे?

मंडळापुढे पालकांनाही बोलावतात. मुलगा संध्याकाळी कोठे असतो, मित्र कोण, शाळा केव्हा सुटली, असे प्रश्न होतात. एखादा बाप तेव्हा मुलाकडे वळून पाहतो आणि उत्तरासाठी थांबतो.