अ अळूचा, न नाचणीचा



आपल्या कित्येक पिढ्या ‘अ अननसाचा’ म्हणत अक्षरे शिकल्या. अननस वाईट नव्हे. परंतु कोडोलीच्या बाजारात आईचे बोट धरून फिरणाऱ्या मुलाला दिसतात ते अळू, पोकळा, शेवगा, गवार आणि भुईमुगाच्या शेंगा. मुलाचे पुस्तक आणि गावचा बाजार यांतील हे अंतर आपण मिटवावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रश्न लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. वारणेच्या खोऱ्यात ऊस आहे, दूध आहे, म्हणून आपण निश्चिंत राहता कामा नये. पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. जेवणाआधी हाती पडलेले पाच रुपयांचे पाकीट भूक मारते, पोषण मात्र देत नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ यांनी त्यांना साथ दिली. महागडी साधने आणण्याऐवजी त्यांनी परिसरातील पाने, बिया, शिंपले यांतूनच मुलांना शिकविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली पाहिजे, या त्यांच्या विचारातूनच अंगणवाडी आकारास आली. तोच मार्ग आपण आहारशिक्षणासाठी अनुसरावा.

सेविकेने जुन्या पुठ्ठ्यांवर चित्रे काढून गावचे पुस्तक तयार करावे: अ अळूचा, न नाचणीचा, प पोकळ्याचा, श शेवग्याचा. गोष्ट सांगून झाली की बाजाराच्या दिवशी मुलांना लहान गटाने न्यावे. त्यांनी भाजी हाताळावी, तिचा वास घ्यावा, नाव विचारावे आणि एक जुडी स्वतः निवडावी. तीच भाजी त्या दिवशी ताटात यावी. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह शरीराला अधिक मिळते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. या गोष्टी आयांनाही तेव्हाच सांगाव्यात. मुलाने पहिला घास थुंकला म्हणून निराश होऊ नये. नवी चव रुचावयास कित्येकदा आठ-दहा वेळा ती चाखावी लागते. बळजबरी मात्र करू नये.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. त्यातून पुठ्ठे, रंग आणि बाजारदिवशीची भाजी यांची तरतूद सहज होईल. अंगणवाडीच्या दाराशी पाकिटे विकली जाणार नाहीत, असा ठरावही ग्रामसभेने करावा. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो गावाचा निश्चय.