नेमणूकपत्रात नसलेलं काम

नांदगावकर मंडळी, नोकरीतल्या जाचाचं उदाहरण शोधायला आपल्याला तालुक्याबाहेर जायला नको. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं विधान तिथलंच. पण त्या भाषणातला एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्य माणसाला रेल्वेत गँगमन म्हणून घेत, पोर्टर म्हणून नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागत आणि तिथे विटाळ आड येई. कागदावर कुठेच नसलेल्या कामावरून माणसाची लायकी ठरत होती.

आज आपली मुलं याच मनमाड स्टेशनवरून नाशिक-पुण्याला नोकरीला जातात आणि कागदावरचं नि प्रत्यक्षातलं यातलं अंतर त्यांनाही भेटतं. 'सहा लाखांचं पॅकेज' ऐकून घरात पेढे वाटले जातात. त्या सहा लाखांत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी असतो, विम्याचा हप्ता असतो, सहसा पाच वर्षं टिकल्यावरच मिळणारी ग्रॅच्युइटी असते आणि साहेबांच्या मर्जीवरचा 'व्हेरिएबल'ही असतो. म्हणून विचारायचं ते एवढंच : दरमहा हातात किती? रात्रीचं जेवण फुकट, घरी सोडायला गाडी, असं सांगितलं तर त्या जेवणाला किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, तेही विचारा. मुलाखत घेणाऱ्याला नव्हे, तिथे दोन वर्षं काढलेल्या पोराला विचारा.

जुलै 2024 मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगमधली 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी नोकरीच्या चौथ्या महिन्यात गेली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रात लिहिलं. अंत्यविधीला कार्यालयातून कुणी आलं नाही, हेही लिहिलं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे कंपनीने मान्य केलं नाही. पण कामगार खात्याच्या तपासणीत निघालं ते असं : 2007 पासून चाललेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. एवढ्या नामांकित ठिकाणी सतरा वर्षं कुणी विचारलंच नाही, याचा मला संताप येतो.

त्या कायद्याच्या 2017 च्या रूपात दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, जादा तासांना दुप्पट मजुरी. दिवसाचे तास दहा करायला 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मात्र व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांना ही मर्यादा लागू नाही. बावीस वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी 'मॅनेजर' म्हणत असतील, तर त्याच्या हाताखाली माणसं किती, हे आधी बघा.

अशा नोकरीत अडकलेल्यांनी आल्या-गेल्याच्या वेळा रोज स्वतःच्या वहीत लिहाव्यात, रात्री-अपरात्री आलेले निरोप जपावेत आणि तक्रार एकट्याने नव्हे, चौघांनी सह्या करून द्यावी. मनमाडला कामगार एकत्र जमले होते ते याचसाठी. मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या ताब्यात देऊ नका. झोप उडाली असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि आई-वडिलांनो, मुलीचा फोन आला, "इथे राहवत नाही" म्हणाली, तर कर्जाच्या हप्त्याचा विषय त्या फोनवर काढू नका. तिला आधी घरी बोलवा.