कापलेल्या कडेवरचा मोर

उट्रेक्टचा चित्रकार यान फान बाइलर्ट याने १६३५ ते १६४० च्या सुमारास रंगवलेले ‘देवांची मेजवानी’ हे चित्र फ्रान्समधील दिजाँच्या मान्याँ संग्रहालयात आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनातील एक दृश्य येशूच्या अखेरच्या भोजनावर बेतलेले होते की या चित्रातल्यासारख्या ऑलिंपसच्या देवांच्या पंगतीवर, असा वाद तेव्हा पेटला. पण त्या गदारोळात लांब मेज आणि मधल्या आकृतीचे तेजोवलय यांचीच चर्चा झाली आणि डाव्या कडेवरच्या मोराची कोणाला फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही.

तेजोवलय असलेला देव म्हणजे सूर्याशी एकरूप मानला गेलेला अपोलो, आणि पुढे जमिनीवर पसरून द्राक्षे तोंडाशी धरणारा तो मद्याचा देव बॅकस. प्रसंग राजा पीलियस आणि सागरकन्या थेटिस यांच्या लग्नाचा आहे. डच चित्रातले देव चेहऱ्यावरून नव्हे, तर लांछनावरून, म्हणजे ठरलेल्या ओळखचिन्हावरून ओळखायचे असतात. मोर हे देवराज्ञी जूनोचे लांछन आहे, आणि मराठी प्रेक्षकाला तेथे सरस्वती किंवा कार्तिकेय आठवला, तर घोटाळा होतो.

जूनो मात्र चित्रात नाही, कारण कॅनव्हासचा डावा भाग केव्हातरी कापला गेला आणि तिचा मोर तेवढा मागे राहिला. चौकटीत बसवण्यासाठी कड कापलेल्या लग्नाच्या जुन्या फोटोत आत्याबाईंच्या नऊवारीचा काठच काय तो उरावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या काठावरून आत्याबाईच नव्हे, तर त्या दिवशीचे मानपान, रुसवेफुगवे आणि आमंत्रण न गेलेली भावकीसुद्धा सांगावी, तसाच हा मोर आहे. याही लग्नात कलहदेवी एरिसला बोलावणे नव्हते. तिने ‘सर्वांत सुंदर’ देवीसाठी सफरचंद टाकले, त्यावर जूनो, मिनर्व्हा आणि व्हीनस यांनी हक्क सांगितला आणि कथा ट्रॉयच्या युद्धापर्यंत गेली. म्हणजे भांडणातली एक मुख्य मानकरीणच फोटोबाहेर गेली आहे!

पुन्हा सांगायला हवे, कारण मुद्दा निसटण्याजोगा आहे: डावी बाजू कापलेली असल्यामुळे आज जो मध्य दिसतो तो बाइलर्टने आखलेला मध्य नव्हे, आणि अशा चित्रात माणसे मोजून किंवा मधोमध कोण बसले ते पाहून निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे आहे.

अशा पंगती नेदरलँड्समध्ये नव्या नव्हत्या. चित्रकार श्प्रांगरच्या रेखाटनावरून उत्कीर्णनकार गोल्टझियसने १५८७ मध्ये क्यूपिड आणि सायकी यांच्या लग्नाचे जे मोठे उत्कीर्णचित्र, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र, काढले, त्याने देवांची गर्दी रंगवण्याची चटक लावली. बाइलर्टचे गुरू ब्लूमार्ट यांनीही १६३८ मध्ये पीलियस आणि थेटिस यांचेच लग्न रंगवले. गुरुशिष्यांच्या या दोन पंगती शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत, पण सगळा वेळ मोरानेच खाल्ला आहे.