दुर्बिणीचा आरसा आणि वस्तूचे अंतर

दुर्बिणीतील अंतर्गोल आरशाची प्रतिमा कुठे पडेल, हे आरशाचे नाभीय अंतर आणि वस्तूचे अंतर या दोहोंवर ठरते. ताऱ्याचे किरण आरशापर्यंत येईतो जवळजवळ समांतर झालेले असतात, त्यामुळे ते नाभीतच एकत्र येतात. जवळच्या वस्तूचे किरण फाकत येतात आणि नाभीच्या पलीकडे, आरशापासून अधिक लांब मिळतात. किती लांब? वस्तू बरीच दूर असेल तर नाभीय अंतराच्या वर्गाला वस्तूच्या अंतराने भागावे. येणारे उत्तर हेच प्रतिमेचे नाभीपासूनचे सरकणे.

हौशी निरीक्षकांच्या आवडीचा 150 मिमी व्यासाचा, 1200 मिमी नाभीय अंतराचा आरसा घेऊ. चंद्रासाठी हे सरकणे प्रकाशलहरीच्या लांबीच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते, म्हणून चंद्र आणि तारे एकाच जागी स्पष्ट दिसतात. एक किलोमीटरवरच्या मनोऱ्यासाठी ते सुमारे 1.4 मिमी होते, तर शंभर मीटरवरच्या झाडासाठी साडेचौदा मिमी. दिवसा त्या झाडावर जुळवलेली नेत्रिका रात्री ताऱ्यांसाठी तेवढीच आत ढकलावी लागते. झाड आणखी जवळचे असेल, तर नेत्रिका पूर्ण बाहेर ओढूनही चित्र पुसटच राहते. मग जोडनळी लावण्यावाचून गत्यंतर नसते.

वस्तू नाभीय अंतराच्या दुपटीवर, म्हणजे वक्रता केंद्राशी आणली की प्रतिमा तिच्या शेजारीच पडते. लिऑन फुको यांनी 1858 मध्ये मांडलेली आरशाची सुरेख परीक्षा याच जागी होते. परंतु अन्वस्ताकार आरसा दूरच्या प्रकाशासाठी घडवलेला असतो. इथे त्याच्या कडेचे किरण मध्याच्या किरणांपेक्षा लांब जुळतात. परीक्षेत वस्तू म्हणून वापरलेला दिवा स्थिर ठेवल्यास वरच्या आरशात हा फरक सुमारे 2.3 मिमी असतो. आरसा घासणारा तोच फरक मोजून आकार पारखतो. वस्तूच्या अंतराने प्रतिमेची जागाच नव्हे, तिचा रेखीवपणाही बदलतो, तो असा.

नाभीय अंतराचा वर्ग मोठ्या दुर्बिणींत फार जाणवतो. चिलीतील व्हीएलटीच्या 8.2 मीटर दुर्बिणीचे परिणामी नाभीय अंतर सुमारे 120 मीटर आहे. तिथे लेझरने सुमारे 90 किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात कृत्रिम तारा उजळवतात. त्याची प्रतिमा खऱ्या ताऱ्याच्या प्रतिमेमागे सुमारे 16 सेंटिमीटरवर पडते. दुर्बीण क्षितिजाकडे कलू लागली की तिरक्या रेषेत तो थर अधिक लांब जातो आणि हे अंतर घटते. म्हणून कृत्रिम ताऱ्याचा फोकस निरीक्षण चालू असतानाच सतत सरकवत राहावा लागतो.