थांबायचं कुठे, हे आधी शिका



परदेशात जाऊन स्वतः गाडी चालवायची वेळ पूर्वी फार थोड्या लोकांवर यायची. आता तसं राहिलेलं नाही. मुलाकडे अमेरिकेत गेलेले वडील नातवाला शाळेत सोडायला गाडी काढतात. दापोली-म्हसळ्याकडचा तरुण नोकरीसाठी आखातात उतरतो आणि काही दिवसांत त्याला व्हॅन चालवण्याविषयी विचारणा होते. सहलीला गेलेलं कुटुंब विमानतळावरच भाड्याची गाडी घेतं. या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. ‘मुंबईत गाडी चालवलीय, आता जगात कुठेही चालवीन!’ हात तयार असतो, हे खरं. पण हाताबरोबर सवयीही विमानात बसतात, आणि त्यांना व्हिसा लागत नाही.

आधी कागदपत्रांचं बघू. आपला पक्का परवाना असेल तर आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराचा त्याला आधार आहे. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. २०२२ साली केंद्र सरकारने देशभरासाठी त्याचा एकच नमुना ठरवून दिला. पण हा परवाना एकटा चालत नाही. मूळ भारतीय परवाना सोबत असावाच लागतो. तो सगळीकडे चालतो असंही नाही. चीनच्या मुख्य भूमीवर तो मानला जात नाही. ब्रिटनमध्ये आपल्या मूळ परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते, तर जर्मनीत राहायला गेलेल्यांना सहाच महिने. म्हणून ज्या देशात जायचं, तिथला नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

यातली सर्वांत महत्त्वाची रेषा आहे ती पाहुणा आणि रहिवासी यांच्यातली. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून गेलात तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर भाड्याची गाडी मिळते. त्याच माणसाच्या पासपोर्टावर नोकरीचा, म्हणजे रहिवासाचा व्हिसा आला की हा परवाना निरुपयोगी ठरतो. मग तिथल्या शाळेत शिकायचं, तिथली परीक्षा द्यायची. आपल्याकडे वीस वर्षं ट्रक चालवलेले लोक या परीक्षेत दोन-दोनदा नापास होतात, कारण आरसा न बघता वळणं, रेषेवरून चालणं या गोष्टी परीक्षक खपवून घेत नाही. ‘मालक म्हणतात, तोवर चालव जुन्यावर,’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अपघात झाला तर मालक नव्हे, तुम्ही उभे राहाल.

आता रस्त्यावर येऊ. आपण डावीकडून चालतो. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, केनिया हेही डावीकडचेच. अमेरिका, बहुतेक युरोप आणि सगळं आखात उजवीकडून चालतं. तिथे गिअर उजव्या हाताला येतो, आणि वळताना दिवा लावायला जावं तर पुष्कळदा वायपर फिरू लागतो. दोन दिवसांत हे जमतं. धोका गर्दीत नसतोच. पुढच्या गाडीमागे आपण मुकाट्याने जातो. धोका असतो पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. समोर कुणी नसतं, मन दुसरीकडे असतं आणि हात आपोआप गावच्या बाजूला वळतो.

पण माझ्या मते खरा फरक डाव्या-उजव्याचा नाही. तो थांबण्याचा आहे. आखाती देशांत लाल अष्टकोनी पाटीवर अरबीत एक इवलासा शब्द असतो, ‘किफ’. म्हणजे थांब. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या कुराणाच्या प्रतींत ओळीच्या वर काही ठिकाणी हाच शब्द बारीक अक्षरांत असतो. वाचणाऱ्याने इथे थांबावं, अशी ती खूण. मक्तबात शिकलेल्या कोकणातल्या मुलाला हा शब्द वाचता येतो. त्याचा रस्त्यावरचा अर्थ मात्र नव्याने शिकावा लागतो, कारण आपल्याकडे अशा पाटीपाशी आपण वेग जरा कमी करतो आणि त्यालाच थांबणं म्हणतो. तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, समोर चिटपाखरू नसलं तरी.

अमेरिकेत चार रस्त्यांच्या चौकात चारही बाजूंना अशी पाटी असते. जो आधी आला तो आधी जातो; दोघे एकदम आले तर उजवीकडचा आधी. हवालदार नाही, सिग्नल नाही, तरी चौक चालतो. पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी राहिली की तिच्या मागचेच नव्हे, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारेही थांबतात. मूल बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. ब्रिटनमध्ये झेब्रा पट्ट्यांवर कुणी पाऊल ठेवलं की गाडी थांबलीच पाहिजे. २०२२ पासून तर पट्ट्यांपाशी वाट पाहणाऱ्यालाही आधी जाऊ द्यावं, असं तिथली वाहतूक नियमावली सांगते. ओमान आणि सौदीच्या वाळवंटी रस्त्यांवर उंटासाठीही थांबावं लागतं. उंटाचे पाय लांब. धडक बसली की त्याचं धड सरळ समोरच्या काचेवर येतं. रात्री तिथे वेग आवरावा.

खुणांचंही तसंच. आपल्याकडे समोरून दिवे चमकवले म्हणजे ‘मी येतोय, तू थांब.’ ब्रिटनमध्ये चालक पुष्कळदा ‘तुम्ही या’ म्हणून दिवे चमकवतात. हॉर्न आपल्याकडे ‘मी इथे आहे’ एवढंच सांगतो. तिकडे तो शिवीसारखा ऐकू येतो. ब्रिटनच्या वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला मनाई आहे. पोलिसाने थांबवलं तर आपण कागद घेऊन खाली उतरतो. ती आपली अदब. अमेरिकेत मात्र आतच बसायचं, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि सांगितल्याशिवाय कप्प्यात हात घालायचा नाही. तिथे खाली उतरणं हा धाक वाटू शकतो.

आणि अपघात झालाच तर? तर थांबायचं. पळून जाणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. अमिरातीत साधा ओरखडा उठला तरी पोलिसांचा कागद लागतो. त्याशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. भाड्याची गाडी घेताना विमा किती भरेल आणि आपल्या खिशातून किती जाईल, हे सही करण्यापूर्वी वाचावं. आखातात चालकाच्या चुकीने कुणाचा जीव गेला तर वारसांना ‘दिया’, म्हणजे प्राणाची भरपाई, द्यावी लागते. एरवी हा भार विमा उचलतो. पण परवाना वैध नसेल किंवा चालक प्यायलेला असेल तर ती रक्कम त्याच्याच डोक्यावर येऊ शकते. घरी घर बांधायला, बहिणीच्या लग्नाला म्हणून जमवायला गेलेला माणूस आयुष्यभराचा कर्जदार होतो. आणि गेलेला जीव कुठल्याच रकमेने परत येत नाही.

म्हणून आणखी एक साधी सूचना. लांबच्या विमानप्रवासातून उतरल्या उतरल्या गाडी हाती घेऊ नका. एक रात्र झोपा. दुसऱ्या दिवशी शेजारी बसून नुसता रस्ता बघा.

श्रोतेहो, केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातले ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. दुबईत झेब्रा पट्ट्यांपाशी निमूट थांबणारा आपलाच माणूस सुट्टीवर आला की मुंबई-गोवा महामार्गावर म्हातारीला हॉर्न देऊन बाजूला करतो. म्हणजे थांबता येत नाही, असं नाही. तिथे दंडाची भीती असते, इथे नसते, एवढंच. परदेशातून येताना आपण अत्तर आणतो, खजूर आणतो, चॉकलेटं आणतो. ही थांबायची सवयही आणावी. तिला कस्टममध्ये कुणी अडवत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)