शिक्षकाची नजर आणि विद्यार्थ्याचे शिकणे

(संस्थेच्या कार्यक्रमात समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हांला विषय दिला आहे तो 'शिक्षकांचा दृष्टिकोन आणि विद्यार्थ्यांचे शिकणे' असा. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र आज साहित्याचा आधार घेणार आहोत. शिक्षकाच्या मनात काय आहे हे शाळा-तपासणीच्या अहवालात येत नाही. ते बाकावर बसलेल्या मुलाला कळते, आणि ते मूल मोठेपणी लेखणी हाती घेते तेव्हा जगाला कळते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मूल धडा वाचण्याच्या आधी शिक्षकाची नजर वाचते. त्या नजरेत आपल्याला जागा आहे की नाही हे त्याला पहिल्या काही दिवसांतच उमगते, आणि पुढचे बरेचसे शिकणे त्यावर अवलंबून राहते.

प्रथम दोन निबंधांची गोष्ट सांगतो.

पहिला निबंध १८५५ सालचा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात ज्या शाळा चालविल्या, त्यांपैकी एका शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. शाळेत येऊन तिला अवघी तीन वर्षे झाली होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. इमारतीच्या पायात माणसे पुरली जात, आपल्या पूर्वजांना जमिनीवरून हुसकावले गेले, आडोसा नसताना बाया बाळंत होत, हे सारे तिने त्यात मांडले. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्नही विचारला. आता आपण विचार करा. चौदा वर्षांच्या आतबाहेरची ही मुलगी. हे लिहिण्याचे धैर्य तिला कोठून आले? दुःख तर तिच्या आधीच्या शंभर पिढ्यांनीही भोगले होते. फरक इतकाच की तिच्यासमोर असे शिक्षक होते, ज्यांना तिचे जगणे हा लिहिण्याजोगा विषय वाटत होता.

दुसरा निबंध शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनातला. शाळेची सहल जाते. सवर्णांची मुले एकीकडे आणि महारांची मुले दुसरीकडे बसतात. उरलेसुरले अन्न या दुसऱ्या मुलांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलापुढे कोरा कागद असतो आणि काय लिहावे ते त्याला सुचत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते असे नव्हे. जे होते ते त्या वर्गात मांडता येणारे नव्हते. गुरुजींना हवी होती झाडे, पाखरे आणि मौजमजा. अशा वेळी शिक्षक शेरा मारतो, 'निबंधात कच्चा.' बंधू-भगिनींनो, तो मुलगा निबंधात कच्चा नव्हता हे पुढे अवघ्या मराठी साहित्याने पाहिले. त्याचे अनुभव त्या वर्गाला पेलण्यासारखे नव्हते, एवढेच.

दोन्ही ठिकाणी काम एकच, निबंध लिहिण्याचे. दोन्ही मुले तळागाळातली. मधे शंभराहून अधिक वर्षांचे अंतर. आणि नंतरचा काळ अधिक सुधारलेला असूनही आधीच्या मुलीची लेखणी मोकळी चालली. याचे उत्तर अभ्यासक्रमात सापडत नाही, शिक्षकात सापडते.

निबंधानंतर प्रश्न. मूल प्रश्न विचारते तेव्हा शिक्षक काय करतो, यावरून त्याची खरी परीक्षा होते. हिंदीतील ओमप्रकाश वाल्मीकि यांचे 'जूठन' हे आत्मकथन १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात शाळेचे मुख्याध्यापक लहानग्या ओमप्रकाशला वर्गाबाहेर काढून अंगण झाडायला लावतात. अखेर वडिलांच्या नजरेस हे पडते आणि ते झाडू फेकून देऊन मुख्याध्यापकांना जाब विचारतात. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण त्याच पुस्तकात दुसरा एक प्रसंग आहे. गुरुजी द्रोणाचार्यांच्या गरिबीचा धडा गहिवरून शिकवीत आहेत. घरात दूध नाही म्हणून अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून पाजले गेले. सारा वर्ग हळहळतो. तेव्हा हा मुलगा उभा राहून विचारतो की, आम्हांला तर भाताची पेज प्यावी लागते, मग आमच्याविषयी कोणत्याच महाकाव्यात काही का नाही? याचे उत्तर त्याला पाठीवर छडीने मिळते.

मित्रांनो, साहित्य शिकविण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या वर्गात खरा धडा एकाच विद्यार्थ्याला समजला होता. पुस्तकातले दुःख आपल्या दुःखाशी ताडून पाहणे, यालाच तर साहित्य वाचणे म्हणतात! त्या दिवशी बाकीच्या मुलांनीही काहीतरी शिकून घेतले : पुस्तकातल्या गरिबासाठी रडावे आणि शेजारच्या बाकावरच्या गरिबाने तोंड उघडले तर त्याला मार खाताना पाहावे.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरचे आहे. पूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबाद येथे, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'. मिलिंद राजा हा प्रश्न विचारणारा आणि भदन्त नागसेन हे उत्तर देणारे. महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्नकर्त्याचे, हे आपण ध्यानात घ्यावे. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या प्राध्यापकांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना आपले जगणे आपल्या शब्दांत लिहावयास सांगितले आणि महाविद्यालयाच्या वार्षिकात त्याला जागा दिली. तेथेच अध्यापन करणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि एका पिढीचे पहिलेवहिले लेखन त्यातून छापले गेले. दलित साहित्याची चळवळ अनेक कारणांनी उभी राहिली. त्यांतले एक कारण असे की काही वर्गांत प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा झाली नाही.

आता एकच विद्यार्थिनी आणि दोन शिक्षक पाहू. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली, हे आपण जाणतो. त्यानंतर कित्येक वर्षांनी नागपुरात कुमुद सोमकुंवर नावाची मुलगी संस्कृत शिकू लागली. पुढे कुमुद पावडे या नावाने लिहिलेल्या 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. शाळेत संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी जुन्या वळणाचे ब्राह्मण होते. आपल्यासारख्या मुलीला ते शिकविणार नाहीत असे तिने गृहीत धरले होते. पण गुरुजींनी मनापासून शिकविले आणि तिच्या मनात त्या भाषेची गोडी रुजविली. पुढे एम. ए.ला मात्र नामवंत विद्वानांची गाठ पडली. या मुलीने संस्कृत शिकावे हे त्यांना रुचत नव्हते आणि ते टोमण्यांतून जाणवत राही. तरीही तिने शिक्षण सोडले नाही आणि पुढे त्या संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, शिक्षकाची जात पाहून त्याची नजर ओळखता येत नाही. गोखले गुरुजीही त्याच समाजाचे होते. दुसरी, लहानपणी मिळालेला विश्वास पुढच्या अपमानाला पुरून उरतो. म्हणूनच प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाचे काम आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते.

शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम मोजून पाहण्याचाही प्रयत्न झाला आहे. रोझेन्थाल व जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत काही मुलांची नावे शिक्षकांना दिली आणि ही मुले या वर्षी चांगली पुढे येतील असे सांगितले. वास्तविक ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांतील अशी मुले बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. १९६८ साली हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यावर पुढे खूप वाद झाला. परिणाम इतका मोठा नसतो असे अनेकांनी दाखवून दिले, तरी अपेक्षेचा काही परिणाम होतो हे मान्य झाले. त्या पुस्तकाला नाव मात्र साहित्यातून घेतले होते, 'पिग्मॅलियन'. बर्नार्ड शॉ यांच्या याच नावाच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणले. शॉच्या नाटकात फुले विकणाऱ्या मुलीला भाषा शिकवितो तो प्राध्यापक. पण तिला आपण कोणीतरी आहोत असे वाटू लागते ते प्राध्यापकाच्या मित्रामुळे, कारण तो पहिल्या दिवसापासून तिच्याशी अदबीने बोलतो. उच्चार एकाने शिकविले, आत्मसन्मान दुसऱ्याने दिला.

आणि शिक्षक कसा असावा याची कथा आपल्या पाली वाङ्मयात दोन हजार वर्षांपासून आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची गोष्ट येते. चार ओळींची एक गाथा त्याला चार महिन्यांत पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हा विद्वान भिक्खू. त्याने ठरविले की हा मंद आहे, आणि त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. जीवकाकडच्या भोजनासाठी भिक्खूंची गणना केली तेव्हा त्याला मोजलेसुद्धा नाही. पहाटे तो निघाला असता दारापाशी भगवान बुद्ध भेटले. त्यांनी गाथा पुन्हा घोकायला सांगितली नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि 'रजोहरणं', म्हणजे मळ दूर करणे, एवढा एकच शब्द म्हणत ते हाताने चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र हळूहळू मळत गेले आणि चुल्लपंथकाला अनित्यतेचा अर्थ उमगला. पुढे जीवकाच्या घरी अनुमोदनपर उपदेश करण्याचा मान भगवंतांनी त्यालाच दिला.

विद्यार्थी तोच, विहार तोच. महापंथकाने पाहिले की याला काय येत नाही. बुद्धांनी पाहिले की हा कोणत्या वाटेने शिकू शकेल. आणि ज्याला गणतीत धरले नव्हते त्याला सर्वांसमक्ष बोलते केले.

बंधू-भगिनींनो, हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. एके काळी आपण सर्व बाकावर होतो, किंबहुना बाकाबाहेर गोणपाटावर होतो. आज आपल्यातले अनेक जण खुर्चीवर आहेत. आपल्यापुढे पारध्याचे, वडाराचे, ऊसतोड कामगाराचे मूल बसलेले असते. ते दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जाते आणि परत येते तेव्हा चार धडे पुढे गेलेले असतात. कोणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कोणाच्या घरी भिली. त्याच्या तोंडून घरचा शब्द निघाला तर वर्ग हसतो. तेव्हा आपण काय करतो? 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असे भर वर्गात कोण म्हणते? उत्तर द्यायला कोणत्या मुलाला थोडा वेळ मिळतो आणि कोणाचे दप्तर न उघडताच 'याला काय येणार' असे म्हटले जाते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. छडी कायद्याने थांबविता येते. नजर मात्र शिक्षकाला स्वतःच बदलावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगायचे आहे. प्रत्येकाला गोखले गुरुजी लाभतीलच असे नाही. वर्गातला शिक्षक दार लावून घेत असेल तर दुसरे दार शोधा. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णराव अर्जुन केळुस्कर हे दुसऱ्या शाळेतले शिक्षक होते. त्या पुस्तकाची वाट कोठवर गेली हे या सभागृहात वेगळे सांगायला नको.

शेवटी संस्थेला एक विनंती. या स्मरणिकेत दरवर्षी काही पाने विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी राखून ठेवावीत. विषय आपण देऊ नये. मुलांनाच ठरवू द्यावा. आणि लेख हाती आला म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करण्याआधी तो एकदा शेवटपर्यंत वाचावा. त्यात एखादी मुक्ता असेल, आणि आपली नजर कशी आहे याकडे तिचे लक्ष असेल.