मोबाइलमधले घर
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मी सातवी पास. भाषणाला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. पापड-कुरडयांवर बोल म्हटले असते तर सोपे गेले असते, पण चिटणीसबाई म्हणाल्या, "मुलांच्या मोबाइलवर बोला, घरोघरी तोच विषय आहे." चुकेल ते सांभाळून घ्या.

माझा धाकटा नववीत आहे. शाळेतून आला की कानात ते बोळे आणि हातात मोबाइल. खेळाचे नाव माइनक्राफ्ट. गाणी रॅपची, म्हणजे चाल थोडी आणि बोलणे फार, तेही भरभर. सहामाहीत गणिताला मार्क कमी पडले. एके दुपारी तो मोबाइल घरी ठेवून क्लासला गेला होता, तेव्हा मी तो खेळच काढून टाकला.

संध्याकाळी त्याच्या लक्षात आले. ओरडला नाही, आदळआपट नाही. मुकाट्याने जेवला आणि निजला. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी न राहवून मीच विचारले, तेव्हा म्हणाला, "आई, त्यात आपलं राजापूरचं घर होतं."

आमचे ते घर मामंजी गेल्यावर 2021 साली विकले गेले. (हिस्सेदार पुष्कळ. तो विषय इथे नको.) या पोराने दोन वर्षे खपून ते खेळात पुन्हा उभे केले होते. पडवी, माजघर, मागची विहीर, सगळे. खेळ काढला की आत बांधलेलेही पुसले जाते, हे मला कुठले ठाऊक! मी दळणाचा डबा उचलून ठेवावा तसे केले होते.

खेळ मी परत घालून दिला आणि चष्मा लावून त्याच्याशेजारी बसले. म्हटले, दाखव मला.

हा खेळ मूळचा स्वीडनचा. 2009 साली लोकांपुढे आला, 2011 मध्ये पुरा झाला. पुढे 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. सुरुवातीला जवळ काहीच नसते. झाड तोडायचे. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात, चार फळ्यांचे एक मेज. त्या मेजावर नऊ घरे असतात, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. त्यात जिन्नस नेमक्या जागी मांडले तरच वस्तू होते. वर तीन फळ्या आणि मधोमध खाली दोन काठ्या, की झाली कुदळ. गव्हाच्या तीन पेंढ्या ओळीने ठेवल्या की पाव तयार! दळण नाही, मळणे नाही. हे मात्र मला मुळीच पटले नाही. वीस मिनिटांत दिवस आणि रात्र उरकते, आणि अंधार पडला की भुते निघतात, म्हणून त्याआधी डोक्यावर छप्पर हवे.

जांभा दगड त्या खेळात नाही. मग याने पाण्यातली चिकणमाती काढून भट्टीत भाजली आणि त्या लाल ठोकळ्यांच्या भिंती उभ्या केल्या. कोकणातल्या घराचा रंग त्याने असा साधला होता.

आता गाणे. खेळाचे स्वतःचे संगीत मंद, पियानोचे. ते बंद करून हा रॅप लावतो. मी म्हटले, हे कुठून आले रे? तेही त्याला पाठ. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स भाग, एका बिऱ्हाडांच्या इमारतीतली तळाची खोली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने नाचगाण्याची बैठक ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलग्यांना 50. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकाहून आलेला, वय अठरा. पुढे तो डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. गाण्यात मधेच नुसता ठेका वाजतो, तेवढ्यावर लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरले. एकच तबकडी दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवीत असे. गाणी दुसऱ्यांची, यंत्रे दोन, पण त्यातून निघाले ते नवेच. त्या तिच्या कपड्यांच्या बैठकीला आता हिपहॉपचा जन्मदिवस म्हणतात.

आपल्या मुंबईत हे गल्ल्यांतून आले. डिव्हाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' 2015 चे, 'गली बॉय' सिनेमा 2019 चा. 'स्वदेशी' संचातल्या मवालीचे रॅप तर मराठीत आहे. ते मला समजले, म्हणून बरे वाटले. शिव्या असलेली गाणी मात्र माझ्या घरात मोठ्याने वाजणार नाहीत. तेवढे मी त्याला बजावले आहे. खेळही आता रविवारी दीड तास. गणिताचे अजून फारसे सुधारलेले नाही, खोटे कशाला सांगू?

घर तो नव्याने बांधतो आहे. यावेळी मापे मला विचारतो. पडवीला खांब किती, यावर आमचे अडले आहे. मी म्हणते सहा, तो म्हणतो पाच. ह्यांना विचारावे तर ते म्हणतात, "मी कधी मोजलेच नाहीत." लग्नाच्या फोटोत मांडवाच्या कनातीने खांब झाकले गेले आहेत. थोरल्या जाऊबाईंकडे मुंजीचा एक फोटो आहे. त्या माळ्यावरून पेटी काढल्यावर पाठवते म्हणाल्या आहेत.